मैनाबाईचं मडकं

मैनाबाईचा पाय चपलेत जाईना. डावा कसाबसा गेला, उजवा मात्र पट्ट्यापाशीच अडून बसला. तिने चप्पल उचलली, भिंतीवर आपटली, दोष असलाच तर तो चपलेचाच आहे अशा रागाने खाली टाकली आणि पुन्हा पाय घातला. नाही म्हणजे नाहीच गेला.

"थांब व, जबरदस्ती नोको करू," दारापुढच्या छपरीत पेपर वाचत बसलेला केवलराम म्हणाला. "पाय इकडे आन. मले पाहू दे."

"पायात काय पाह्यता? जसा होता तसाच हाये."

पण केवलराम कुठला ऐकायला! त्याने चष्मा नाकावर चढवला, स्टूल पुढे ओढलं, बायकोचा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तर तिथे खळगा पडलेला, आणि तो भरायचं नावच घेईना. मीटरच्या काट्याकडे बघावं तसा तो त्या खळग्याकडे बघत राहिला.

"प्रेशर वाढून राह्यलं," शेवटी त्याने निकाल दिला.

"कोनाचं?"

"तुहं. अजून कोनाचं?"

केवलराम भिलाईच्या कारखान्यात जन्मभर पंप हाऊसचा ऑपरेटर होता. भट्ट्यांना पाणी कमी पडू द्यायचं नाही, ही त्याची नोकरी, आणि ती त्याने इमानाने केली. पुढे रिटायर झाला, सेक्टरमधलं क्वार्टर सोडून मरोद्याला स्वतःच्या घरात आला, पण पंप हाऊस काही त्याच्या डोक्यातून रिटायर झालं नाही. वरणात पाणी जास्त झालं की तो 'ओव्हरफ्लो' म्हणायचा. पोराच्या, प्रवीणच्या लग्नात तर भर पंगतीत 'लाइन चोक झाली, लाइन चोक झाली' म्हणून ओरडला होता, ते पाहुणे अजून सांगून हसतात. आणि मैनाबाईला बीपीचा त्रास निघाला, डॉक्टरने एक बीपीची आणि एक पाण्याची गोळी लिहून दिली, तेव्हा त्याला हवं ते काम मिळालं. पाण्याची गोळी म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी. "म्हंजे पंपच न!" तो खूश होऊन म्हणाला होता. तेव्हापासून मैनाबाईच्या गोळ्यांचा सगळा कारभार त्याच्याकडे होता.

"एक पंप कमी पडून राह्यला," तो आता गंभीर होऊन म्हणाला. "स्टँडबाय लावा लागन. उद्यापासून सकाळी एक पान्याची गोळी, अन् दुपारी अजून एक."

"डाक्टरले तं इचारा."

"त्यात डाक्टरले काय इचारा लागते? पानी वाढलं, पंप वाढवा. जिंदगी गेली माही याच्यात."

"जिंदगी गेली तुमची, अन् पंप हाऊस झालं माहं!" मैनाबाई म्हणाली, आणि प्रवीणची ढगळ स्लीपर पायात सरकवून फटक् फटक् करत भाजीला निघून गेली.

एक गोष्ट मात्र केवलरामला माहीतच नव्हती, कारण मैनाबाईने ती कधी सांगितली नव्हती. लपवली होती असंही नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. ती म्हणजे ठकूबाईची लाल गोळी.

त्यांच्या गल्लीत बायकांची एक रीतच होती. घरात विरजण नसलं की कुंपणावरून वाटी पुढे करायची, आणि गुडघा दुखला की नुसता तळहात. शेजारची ठकूबाई या दुसऱ्या खात्याची मालकीण. किराणा दुकानातून आणलेल्या लाल गोळ्यांचं पान तिच्या डब्यात कायम असायचं. "घे व माय, गरम च्यासंगं घे, मंग पाहा कशी धावतेस," म्हणत ती गोळी तोडून हातावर ठेवायची, आणि एखाद्याला प्रसाद दिल्यासारखं समाधान तिच्या तोंडावर दिसायचं. मैनाबाईच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरने कागदावर लिहून दिलेलं. ठकूबाईची गोळी ही चहाबरोबरच्या बिस्किटासारखी. म्हणून तर 'दुसरं काही घेता का?' असं डॉक्टरने विचारलं तेव्हा ती अगदी मनापासून 'नाई' म्हणाली होती.

पूर्वी ती गोळी महिन्यात एखादी व्हायची. आता रोज व्हायला लागली होती, कारण लग्नाचे दिवस आले होते.

मैनाबाई लांब रोटी करायची. तिच्या आईने भंडाऱ्याकडच्या गावात तिला शिकवलेली, पालथ्या मडक्यावर भाजायची रोटी. कणीक इतकी सैल भिजवायची की परातीत आपटून आपटून तिला तार सुटली पाहिजे. मग तिचा गोळा हातावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झेलत राहायचा, आणि तो आपल्याच वजनाने लांबत, पातळ होत कोपरापर्यंत ओघळला की एका झोक्यात तापलेल्या मडक्यावर टाकायचा. बघणाऱ्याला वाटावं, बाई ओढणीच झटकते आहे. अशी रोटी आणि आंब्याचा रस हे नाव काढलं की सेक्टर सहापासून हुडकोपर्यंतची सगळी विदर्भाकडची मंडळी ताटावर येऊन बसत. ओळखीपाळखीतल्या लग्नात चुलीवर मैनाबाई असणारच. तिच्या मडक्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हाही नियम होता. सून भूमिका फार तर लाकडं सारू शकायची.

"तुह्यानं पापड भाजताना मोडते," मैनाबाई तिला म्हणायची. "मडक्यापासून दूर राह्य."

भूमिका राजनांदगावची, शाळेत हिंदी, मैत्रिणींत हिंदी, मराठी बोलायची ती सासूशीच. ती हसून सोडून द्यायची. पण चुलीपाशी बसली की तिची नजर सासूच्या हातांवरून हलायची नाही.

केवलरामच्या जुन्या खात्यातला देवराव अजून नोकरीत होता, सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये राहायचा. त्याच्या मोनाचं लग्न ठरलं. आधी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मग पुढच्या महिन्यात लग्न, आणि दोन्हीकडे रोट्या मैनाबाईच्याच.

"वैनी, तुमी नाई म्हनाल तं मी पोराकडल्यायले सांगतो, लग्न रद्द," देवराव येऊन सांगून गेला. मैनाबाई वरून 'काई तरीच' म्हणाली, पण दिवसभर तिचा चेहरा खुलला होता.

साक्षगंधाच्या दिवशी भिलाईचं ऊन नुसतं भाजत होतं. क्वार्टरच्या मागच्या अंगणात विटांची चूल, तिच्यावर पालथं मडकं, मडक्यामागे मैनाबाई. सकाळी केवलरामने दिलेली पाण्याची गोळी झाली होती, दुपारी त्याने आठवणीने स्टँडबायही दिला होता. खांदा ठणकत होता म्हणून तिने ठकूबाईची लाल गोळी एकदा चहाबरोबर घेतली, एकदा दुपारी घेतली. आता प्रश्न उरला तो लघवीचा. दुसऱ्याचं घर, पाहुण्यांची गर्दी, हात कोपरापर्यंत कणकेत. घडीघडी उठायचं कसं? तिने त्यावर सोपा उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही.

"मम्मी, थोडा पानी पी लो ना," भूमिका दोनदा म्हणाली.

"पीन मंग. तू लाकूड सार."

पहिल्या पंगती झकास झाल्या. मग मैनाबाईने एक गोळा झेलायला घेतला, आणि अंगण गोल फिरायला लागलं. हात सवयीने वर गेले, रोटी लांबली, पण मडक्यावर पडायच्या ऐवजी कडेला पडली, घसरली आणि विस्तवात गेली. जळक्या कणकेचा वास सुटला. आजवर मैनाबाईची रोटी विस्तवात गेली नव्हती. भूमिकाने तिला मागून धरलं म्हणून बरं, नाहीतर रोटीपाठोपाठ तीही गेली असती.

"ऊन लागलं," बायका म्हणाल्या. "बाप्पा, एवढ्या गर्मीत!" कोणी पदराने वारा घातला, कोणी कांदा आणायला धावली. केवलराम पाहुण्यांतून वाट काढत आला तो घाबराघुबरा. "पंप तं दोनई चालू हायेत," तो स्वतःशीच पुटपुटत होता. "मंग हे कावून होऊन राह्यलं?"

उरलेल्या पंगतीला हॉटेलातून पोळ्या मागवाव्या लागल्या. मैनाबाईला ते चक्कर येण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भूमिकाला हाक मारली. ठकूबाईचं पान संपलं होतं. "गाडी काढ. हुडकोच्या मेडिकलमधून ह्या गोळ्या आनू. जरा जास्तीच्या आनू, लग्नाले लागतीन." आणि रिकामं पान तिच्या हातात दिलं. भूमिकाने ते उलटंसुलटं करून पाहिलं, सासूच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, आणि गाडी काढली.

मेडिकल ममताचं होतं. गोंदियाकडची बाई, बोलायला गोड, पण गल्ल्यावर बसली की शिस्तीची. तिने पान हातात घेतलं.

"कोणाले पाहिजे?"

"मलेच," मैनाबाई म्हणाली. "खांद्यासाठी."

"दुसरं कोणतं औषध चालू हाये का काकू?"

"नाई व. काईच नाई. बस, बीपीची अन् एक पान्याची."

ममताचा कपाटाकडे गेलेला हात तिथेच थांबला. "पाण्याची? लघवीची गोळी? अन् तिच्यासंगं ही लाल घेऊन राह्यले? कधीपासून?"

"अवो, ही काई औषध थोडीच हाये. दुखन्याची हाये."

"पाय सुजते का?"

"तो माह्या घरवाल्यानं दाबून पाह्यला न. म्हने प्रेशर वाढलं. म्हनून त्यायनं पान्याची गोळी डबल केली."

ममताने कपाळाला हात लावला. मग आवाज खाली आणून विचारलं, "अन् लघवी? बरोबर होते?"

काउंटरपाशी दोन बाप्ये उभे होते. मैनाबाईने पदर तोंडाला लावला आणि सुनेच्या कानात काहीतरी सांगितलं. भूमिकाने ते जसंच्या तसं मोठ्याने सांगून टाकलं, "मम्मी बोल रही हैं, कल से बहोत कम हो रही है, और एकदम गाढी."

"मेली व!" मैनाबाई लाजेने अर्धी झाली. बाप्यांनी समंजसपणे पंख्याकडे पाहिलं.

"काकू, राग मानू नका, ही गोळी मी तुमाले देत नाही," ममता म्हणाली. "ही अन् पाण्याची गोळी एकमेकीच्या उलट्या पडतात. तुमाले वाटते पाण्याच्या गोळीत दम नाही, म्हणून पाय सुजले. तसं नाही. ही लाल तिले कामच करू देत नाही. बीपीपण वाढवते, अन् किडनीवर जोर पाडते. वरून या पानावर वाचा, एकाच गोळीत दोन-दोन औषधं हायेत. आजच डॉक्टरकडे जा. आजच, भूमिका, उद्या नाही."

तिचा 'आजच' असा होता की मैनाबाई वाद घालायचं विसरली.

दवाखान्यात केवलराम सायकल मारत पोचला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी बीपी मोजलं, ते वाढलेलं निघालं. रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट येईपर्यंत लाल गोळी आणि पाण्याची गोळी, दोन्ही थांबवायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन दोघं पुन्हा गेली तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. किडनी थकली आहे, पण बिघडलेली नाही, वेळेवर आलात. किडनीला रक्त नेणाऱ्या नसा असतात, दुखण्याच्या अशा गोळ्यांनी त्या आवळल्या जातात. त्यात पाण्याची गोळी दुप्पट, त्यात घाम, त्यात पाणी न पिणं. गाळायला रक्तच पुरेसं पोचत नाही, तर किडनी गाळणार काय?

केवलराम ऐकता ऐकता पांढरा पडत चालला होता. तो हिंदीत, अगदी हळू म्हणाला, "मतलब मॅडम, पानी अंदर आने का, सक्शन का व्हॉल्व्ह बंद था. और मैंने ऊपर से स्टँडबाय चालू कर दिया."

"कुछ वैसा ही," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

"ड्राय रन," केवलराम म्हणाला.

पंपवाल्यांच्या जगात याहून मोठा गुन्हा नाही. आत पाणी नसताना पंप चालवला की तो तापतो, करकरतो आणि कायमचा जाम होतो. केवलरामने इतक्या वर्षांच्या नोकरीत एकदाही पंप कोरडा चालवला नव्हता. ते त्याच्या निरोपसमारंभात साहेबांनी भाषणात सांगितलं होतं.

घरी येऊन तो जेवला नाही. मैनाबाईने ताट वाढलं, तो भिंतीकडे बघत बसला.

"कंपनीचा पंप असता तं मले मेमो भेटला असता," तो म्हणाला. "कंपनीचा कधी कोरडा चालू देल्ला नाई मी. अन् घरचा..." त्याचे डोळे भरून आले होते.

मैनाबाईने इतक्या वर्षांत त्याला रडताना फार तर त्याच्या आईच्या वेळी पाहिलं होतं. तिला भडभडून आलं, पण दोघांनीही रडून कसं चालेल? तिने भाजीची वाटी पुढे सरकवली. "मेमो मीच देऊन राह्यली तुमाले. आजपासून माह्या गोळ्या डाक्टरीनबाईच्या मनानं, तुमच्या मनानं नाई. अन् लाल गोळीची गोष्ट मी बी नोती सांगितली, म्हनून अर्धा मेमो माहा. आता जेवा. भाजीचा ओव्हरफ्लो होऊन राह्यला."

त्यावर तो हसला आणि जेवला.

पाण्याची गोळी पुन्हा सुरू झाली ती पहिल्यासारखी, एकच. स्वतःच्या मनाने वाढवायची नाही आणि थांबवायचीही नाही, असं बजावलेलं होतं. हृदयाचा त्रास नव्हता, म्हणून पाणी नीट प्यायला मोकळीक होती. दुखलं तर साधी पॅरासिटामोल, तीही सांगितली तेवढीच, आणि वरून शेक. पण खांदा काही शेकाने पहिल्यासारखा होईना. मैनाबाईने घरच्या चुलीवर मडकं चढवून पाहिलं. सुरुवातीच्या रोट्या झोकात झाल्या, मग खांद्यातून अशी कळ निघाली की गोळा परातीतच पडला. लग्नाच्या पंगती कुठे आणि या चार रोट्या कुठे.

देवराव विचारपूस करायला आला. "वैनी, तबेत पहिले. मी कॅटरिंगवाल्याले तंदूरचं सांगतो."

"तंदूर?" मैनाबाईचा आवाज चिरका झाला. "मोनाच्या लग्नात तंदूर? बारशाले मी होती चुलीवर, अन् लग्नाले तंदूर?"

तो गेल्यावर ती छपरीत बसून राहिली. तिला कशाचीच भीती वाटायची नाही, पण ही वाटत होती. एकदा का तिच्या जागी तंदूर आला, की पुढच्या लग्नात कोणी विचारायलाही येणार नाही. मग ती कोण? बीपीची म्हातारी. गोळ्या खाते आणि पाय वर करून बसते.

नेमकी त्याच वेळी ठकूबाई कुंपणापाशी आली आणि तिने इकडेतिकडे बघून पदराआडून नवं कोरं लाल पान काढलं.

"मैना, ऐक. एक दिवसाचा तं सवाल हाये. लग्नाच्या दिवशी खाय, मंग आयुष्यभर नोको खाऊ. एक दिवसानं काय होते?"

एक दिवस. मैनाबाईच्या मनात नेमकं तेच चाललं होतं. केवलराम बाजारात होता, भूमिका आत. कोणाला कळणार होतं? ती उठली, खाली न बघताच पायाने चप्पल चाचपली आणि कुंपणाकडे चालायला लागली. पान तिने घेतलंही. मुठीत ते कुरकुर वाजलं.

आणि मग तिचं लक्ष पायाकडे गेलं. चपलेत पाय होता. तिची स्वतःची चप्पल, भिंतीवर आपटलेली, आणि पाय तिच्यात कसा गेला ते तिला कळलंही नव्हतं. वाकून तिने अंगठ्याने नडगी दाबून पाहिली, केवलराम दाबायचा तशी. खळगा पडला आणि बघता बघता भरून आला. तिला विस्तवात जळणारी रोटी आठवली, त्या वासासकट. लग्नाच्या दिवशी, सगळ्या वऱ्हाडासमोर, तसं झालं तर?

"हे घे," तिने पान परत दिलं. "अन् ठकूबाई, तू बी तं बीपीची गोळी खातेस न? तिच्यात पान्याची हाये का, पाह्यलं का तू कधी?"

"मले काय माहीत? पोरगा आनते, मी खातो."

"मंग चाल आत्ताच. ममताले दाखवू."

ठकूबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मभर गल्लीला गोळ्या वाटणारी बाई स्वतःचा डबा पोटाशी धरून मुकाट्याने हुडकोला निघाली.

परत आल्यावर मैनाबाईने अंगणातूनच हाक मारली, "भूमिका! परात घे. पीठ चाळून घे, बारीक."

"क्या बनाना है मम्मी?"

"रोटी. तू करनार हायेस."

भूमिका दारातच उभी राहिली. "मडक्यावर? मैं?"

"नाई तं मी काय तंदूरवाल्याले शिकवू?"

पुढचे दिवस त्या अंगणात जे चाललं ते बघायला गल्ली कुंपणावर लोटायची. भूमिकाच्या कोपरावर कणीक, केसांत कणीक, एकदा तर केवलरामच्या चष्म्यावर कणीक. "मम्मी, ये तो चिपक रहा है!" "चिपकनच. पान्याचा हात घे. अवं, ओढू नोको तिले, तिची ती लांबते. तू फक्त झेल." फाटलेल्या रोट्या केवलराम निमूट खात होता आणि वर "ट्रायल रन हाये, ट्रायल रन" म्हणत होता. मैनाबाईला लवकरच एक गोष्ट कळली आणि ती चकित झाली. पोरगी हात नेमका कुठे वळवायचा, कुठे थांबायचं, सगळं जाणत होती. इतकी वर्षं लाकडं सारताना तिने दुसरं केलंच काय होतं? बघितलंच तर होतं.

लग्नाच्या आदल्या सकाळी केवलराम कुंभाराकडून आला तो सायकलच्या दोन्ही बाजूंना मडकी बांधून.

"दोन कावून आनले?"

"एक पालथं घालाले, एक सुलटं ठेवाले," तो म्हणाला.

लग्न सेक्टर सहातच होतं. मागच्या अंगणात तीच विटांची चूल, तिच्यावर पालथं मडकं. बाजूला सावलीत एक खुर्ची, आणि खुर्चीपाशी वाळूवर दुसरं मडकं, सुलटं, पाण्याने काठोकाठ भरलेलं, वर झाकणी आणि पाणी प्यायचा गडवा. केवलरामने स्वतः तिथे ठाण मांडलं होतं. चूल पेटवण्याआधी देवरावची बायको हिरा कुंकू घेऊन आली. रोटी करणारीला कुंकू लावायचं, मग जाळ घालायचा, असा त्यांच्याकडचा शिरस्ता. ती सवयीने मैनाबाईपुढे वाकली.

मैनाबाईने तिचा हात धरला. "तिले लाव, हिरा. आज चूल तिची हाये."

भूमिकाने पदर कमरेला खोचला, कुंकू लावून घेतलं आणि सासूच्या पाया पडली. पहिली रोटी मधोमध फाटली. कोणीतरी हसलं. "गुमान बसा," मैनाबाई खुर्चीतूनच ओरडली, "मडकं तापू द्या पहिले!" दुसरी जाडी झाली. तिसरी भूमिकाने झेलली आणि मैनाबाई खुर्चीतच पुढे सरकली. या हातावरून त्या हातावर, या हातावरून त्या हातावर, कणीक लांबत गेली, तिच्यातून ऊन दिसायला लागलं, कोपरापर्यंत ओघळली, आणि एका झोक्यात मडक्यावर जाऊन बसली. पूर्ण. एकसारखी. कुठे सुरकुती नाही.

"वा वा, मैनाबाईची रोटी!" पंगतीतून आवाज आला. आत बसलेल्यांना काय माहीत चुलीवर कोण आहे. भूमिकाने घाबरून सासूकडे पाहिलं.

"पाह्यतेस काय? दुसरी टाक," मैनाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू होतं.

मग रोट्यांमागून रोट्या पडत गेल्या. भूमिकाला आता कोणाकडे बघायची गरज उरली नव्हती. सावलीत, खुर्चीत बसलेल्या मैनाबाईचे दोन्ही हात मात्र केव्हा वर उचलले गेले ते तिचं तिलाच कळलं नाही. भूमिकाने गोळा घेतला की तिचे तळवे उघडायचे, भूमिकाने झेलला की तिचे हात या बाजूचे त्या बाजूला व्हायचे. हातांत काहीच नव्हतं.

केवलराम ते पाहत होता. त्याने झाकणी काढली, सुलट्या मडक्यातून गडवा भरला आणि त्या रिकाम्या हातांत दिला. मैनाबाईने गडव्याकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं, आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.